दारूबंदी : शिकागोची आणि सातपुड्याची

अमेरिकेचे नाव काढले की श्रोत्यांपुढे बहुधा गगनचुंबी इमारतींचे, मोटारींचे आणि वैभवाचे चित्र उभे राहते. हे चित्र खोटे नाही. पण त्याला दुसरी बाजू आहे, आणि ती बाजू त्या देशातील लोकांनीच उजेडात आणली. साधारणतः १८९० ते १९२० ही तीस वर्षे अमेरिकेच्या इतिहासात प्रागतिक सुधारणांचा काळ म्हणून ओळखली जातात. गलिच्छ वस्त्या, गिरण्यांत आणि खाणींत राबणारी मुले, भेसळीचे अन्न, मतांचा बाजार मांडणारे नगरपुढारी आणि गावोगावचे दारूचे गुत्ते, असे अनेक प्रश्न या काळात एकदम ऐरणीवर आले. त्या सर्वांचा परामर्श एका व्याख्यानात घेऊ म्हटले तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून आम्ही त्यांतील एकच प्रश्न घेतला आहे. तो म्हणजे दारूचा.

ही निवड करण्यास कारण आहे. नंदुरबार तालुक्यातील धानोरा आणि त्याच्या आसपासची गावे ज्या मुलखात आहेत, त्या मुलखाने दारूच्या प्रश्नाचे जितके प्रकार पाहिले तितके महाराष्ट्रात फारच थोड्या प्रदेशांनी पाहिले असतील. येथून गुजरातची हद्द फार दूर नाही. हद्दीपलीकडे दारूबंदी आहे आणि अलीकडे परवान्याचे दुकान आहे. येथेच वसंतात मोहाची फुले गळतात आणि घरोघर वेचली जातात. आणि येथेच, तापीच्या खोऱ्यात व सातपुड्याच्या पायथ्याशी, आदिवासी समाजाने बाहेरच्या कोणी न सांगता स्वतः होऊन दारू सोडण्याच्या चळवळी केल्या. अमेरिकेने कायद्याच्या बळावर जे करून पाहिले, ते येथील लोकांनी शपथेच्या बळावर करून पाहिले. या दोन प्रयोगांचा ताळा घालावा, एवढाच आमचा हेतू आहे.

गुत्ता का भरभराटला?

इंग्रजीत ज्याला सलून म्हणत ते आपल्याकडील केशकर्तनालय नव्हे. अमेरिकेत त्याचा अर्थ मद्यगृह असा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या देशात कारखानदारी झपाट्याने वाढली आणि आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड अशा देशांतून लाखो माणसे पोटासाठी तेथे येऊन पडली. शिकागो, न्यूयॉर्क, पिट्सबर्ग या शहरांत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत. जेकब रीस या वार्ताहराने १८९० साली न्यूयॉर्कच्या या वस्त्यांवर पुस्तक लिहिले, तेव्हा सुखवस्तू वाचकांना आपल्याच शहरातील निम्म्या लोकांचे जिणे प्रथमच कळले.

दिवसभर दहा-बारा तास राबून आलेल्या मजुराने बसावे कोठे? घरात जागा नाही, बाहेर थंडी. गुत्त्यात शेगडी पेटलेली असे. पेल्याबरोबर फुकट खाणे मिळे. मजुरीचा धनादेश वटवून मिळे, नोकरीची बातमी मिळे, आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटे. युनियनच्या सभाही पुष्कळ वेळा गुत्त्याच्या मागच्या खोलीतच भरत. वॉर्डातील पुढारी तेथेच बसे आणि निवडणुकीत मतांचा हिशेब तेथेच होई. गुत्त्याचा चालक हा पुष्कळदा नावापुरता मालक असे; खरा मालक मद्याचा कारखानदार. तोच भांडवल देई आणि आपलाच माल खपविण्याची अट घाली. म्हणजे गुत्ता हे केवळ पिण्याचे ठिकाण नव्हते. ते मजुराचे घर, पेढी, क्लब आणि कचेरी होते. हे ध्यानात घेतले नाही, तर पुढे काय झाले ते समजत नाही.

या सोयीची किंमत मात्र मजुराच्या बायकोला मोजावी लागे. तिला मताचा अधिकार नव्हता आणि नवऱ्याच्या मजुरीवर तिचा हक्क नव्हता. शनिवारची मजुरी घरापर्यंत पोहोचली नाही, तर तिने दाद मागावी कोठे? यामुळेच अमेरिकेतील दारूबंदीची चळवळ ही प्रारंभापासून स्त्रियांची चळवळ झाली. १८७३ च्या डिसेंबरात ओहायो राज्यातील हिल्सबरो या लहानशा गावी स्त्रिया घराबाहेर पडल्या आणि गुत्त्यांच्या दारात गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. ही लाट गावागावांतून पसरली. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यपाननिषेध संघ स्थापन झाला. फ्रान्सिस विलार्ड ही त्याची १८७९ पासूनची अध्यक्षा. तिने दारूच्या प्रश्नाला स्त्रीमताधिकार, मजुरांचे तास आणि मुलांचे शिक्षण यांची जोड दिली.

या संघाशी महाराष्ट्राचाही संबंध आला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि १८८८ पर्यंत तेथे राहिल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या स्त्रीसंघटनेची माहिती त्यांनी आस्थेने दिली आहे. मत नसलेल्या स्त्रिया एकत्र येऊन सरकारला हलवू शकतात, ही गोष्ट मराठी वाचकाला बहुधा त्या पुस्तकातूनच प्रथम कळली असावी.

सुधारकांच्या दोन वाटा

अमेरिकन सुधारकांत दोन वृत्तींची माणसे होती आणि त्यांतील फरक आपल्या विषयाला फार महत्त्वाचा आहे. जेन ॲडम्स ही पहिल्या वृत्तीची. १८८९ मध्ये तिने आपल्या मैत्रिणीसह शिकागोच्या मजूरवस्तीत हल हाउस नावाची संस्था काढली. गरिबांना उपदेश करण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या शेजारी राहण्यासाठी. तेथे बालवर्ग होता, व्यायामशाळा होती, रात्रीचे वर्ग होते. गुत्त्याला पर्याय म्हणून तेथे कॉफीगृहही उघडण्यात आले. गंमत अशी की मजूर काही गुत्ता सोडून तिकडे वळले नाहीत. पण जेन ॲडम्सने त्यावरून धडा घेतला तो असा, की शेजाऱ्याला काय हवे ते आपण आधीच ठरवून बसू नये. या बाईंना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या वाटेने गेली ती मद्यगृहविरोधी लीग. १८९३ मध्ये ओहायोत सुरू झालेली ही संस्था दोनच वर्षांत राष्ट्रव्यापी झाली. तिने एकच काम केले, पण अचूक केले. उमेदवार कोणत्या पक्षाचा आहे हे न पाहता, तो दारूबंदीच्या बाजूने मत देईल की नाही एवढेच तिने पाहिले. प्रथम गावाने व जिल्ह्याने मतदान करून आपली हद्द कोरडी ठरवावी, मग राज्याने, आणि शेवटी राष्ट्राने, असा तिचा क्रम होता. स्थानिक मतदानाची ही रीत चांगलीच होती. अमेरिकेत काही जिल्हे आजही त्या रीतीने कोरडे आहेत. पण लीगला तेवढ्यावर थांबायचे नव्हते.

राष्ट्रीय बंदीच्या वाटेत मोठा अडथळा होता तो पैशाचा. मध्यवर्ती सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग मद्यावरील करातून येत असे. १९१३ मध्ये घटनेच्या सोळाव्या दुरुस्तीने प्राप्तिकराची वाट मोकळी झाली आणि हा अडथळा दूर झाला. नंतर पहिले महायुद्ध आले. बिअरचे कारखाने बहुतांशी जर्मन वंशाच्या लोकांचे. जर्मनीविरुद्ध युद्ध पेटल्यावर बिअर पिणे हाच देशद्रोह ठरू लागला. जानेवारी १९१९ मध्ये अठराव्या दुरुस्तीला पुरेशा राज्यांची संमती मिळाली आणि १७ जानेवारी १९२० पासून सारा देश कोरडा झाला.

कायदा आला आणि गेला

या कायद्याने पिण्यावर बंदी घातली नव्हती. बंदी होती ती करण्यावर, विकण्यावर आणि वाहून नेण्यावर. ज्याच्याजवळ पैसा होता त्याने आधीच तळघर भरून ठेवले. डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळे. धर्मविधीसाठी द्राक्षासव चाले. एवढ्या मोठ्या देशावर पहारा ठेवण्यास प्रारंभी मध्यवर्ती सरकारचे नोकर होते सुमारे दीड हजार. आणि गुत्ते बंद झाले, पण गुत्त्याने जी गरज भागविली होती तिच्यासाठी दुसरे काही उघडले नाही.

म्हणून आता चोरगुत्ते निघाले. त्यांना माल पुरविणाऱ्या टोळ्या निघाल्या. पोलीस आणि न्यायाधीश विकत घेतले जाऊ लागले. शिकागोचा अल कपोन हा या धंद्याचा बादशहा; त्याला १९३१ मध्ये शिक्षा झाली तीही खुनाबद्दल वा दारूबद्दल नव्हे, तर प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. पिण्यास अयोग्य करण्यासाठी कारखान्याच्या अल्कोहोलात विष मिसळले जाई. तेच चोरून गाळून विकले गेले आणि त्याने माणसे मेली. मरणारे बहुधा गरीबच.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे बंदीच्या पहिल्या वर्षांत मद्यपान खरोखरच पुष्कळ घटले. पुढे ते वाढत गेले तरी पूर्वीच्या पातळीखालीच राहिले. तेव्हा ‘दारूबंदीने काहीच साधले नाही’ हे म्हणणे बरोबर नाही. पण कायद्याबद्दलचा आदर जो गेला तो गेलाच. १९२९ मध्ये आर्थिक मंदी आली. सरकारला कराची आणि बेकारांना कामाची गरज भासू लागली. अखेर ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने अठरावी दुरुस्ती रद्द झाली.

ही दुर्दशा का झाली? कायदा ढिला होता हे एक कारण. पण आम्हांला त्याहून खोल कारण दिसते. ज्यांनी कायदा केला ते आणि ज्यांच्यासाठी केला ते, ही दोन वेगळी माणसे होती. खेड्यातील, जुन्या वस्तीच्या, प्रॉटेस्टंट अमेरिकनाने शहरातील नवागत कॅथलिक मजुराला सुधारावयास घेतले होते, आणि त्या सुधारण्यात तुच्छता होती. १९२० च्या दशकात कृष्णवर्णीयांचा व परदेशीयांचा द्वेष करणारी कु क्लक्स क्लॅन ही संघटना दारूबंदीची कैवारी म्हणून मिरवत होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आपल्या इलाख्यातील अबकारी

आता आपल्या घराकडे वळू. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारीचा कायदा झाला. त्यापूर्वी मोहाची दारू पुष्कळ ठिकाणी गावातच गाळली जाई. लग्नात, मृत्यूत, पेरणीच्या वेळी देवाला तिची धार पडे आणि मग माणसांना मिळे. नव्या कायद्याने ही घरगुती भट्टी गुन्हा ठरली. दारू गाळावयाची ती सरकारमान्य मोठ्या भट्टीत, विकावयाची ती मक्तेदाराच्या दुकानात, आणि तिच्यावर सरकारचा कर. म्हणजे दारू बंद झाली नाही. ती महाग झाली आणि उधारीवर मिळू लागली. दुकानदारच पुष्कळदा सावकार असे. पिण्याची उधारी धान्याने फिटेना, मग ती जमिनीने फिटू लागली. आदिवासींच्या दारूची चर्चा करताना आपण बहुधा त्यांच्या सवयीबद्दल बोलतो. पण सवय जुनी होती, कर्ज नवे होते, आणि घात केला तो कर्जाने.

या धोरणाला शहरांतूनही विरोध झाला. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये पत्र लिहून दारूच्या दुकानांच्या वाढीस हरकत घेतली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवू लागले, तेव्हा सरकारने तेही बंद पाडले. ज्या सरकारला दारूपासून उत्पन्न आहे त्याला कोणी न पिणे हा उपद्रवच वाटणार.

देवीची आज्ञा

अमेरिकेत बंदीला तीन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एक विलक्षण गोष्ट घडत होती. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात देवीचा संचार सुरू झाला. मूळ हेतू रोगराईची देवी शांत करण्याचा होता. अंगात आलेली माणसे बोलत आणि त्यांच्या तोंडून देवीची आज्ञा बाहेर पडे. ही देवी किनारा सोडून डोंगराकडे निघाली; गावामागून गाव करीत ती डांगात आणि तेथून खानदेशाला लागून असलेल्या सोनगड-व्यारा भागात गेली. १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांतून हजारो लोक तिच्या मांडवाभोवती जमत होते.

वाटेत आज्ञेचे रूप पालटले होते. दारू व ताडी पिऊ नका. मांस-मासळी खाऊ नका. रोज स्नान करा. घर-अंगण स्वच्छ ठेवा. दारूविक्रेत्याच्या कामाला जाऊ नका. पुढे गांधीजींचे नाव आणि चरखाही त्यात आला. हे कोणा पुढाऱ्याने सांगितले नव्हते. शहरातील कार्यकर्ते नंतर आले आणि त्यांनी ही जागृती पाहून आश्चर्य केले. दारूची दुकाने ओस पडली. मक्तेदार सरकारकडे तक्रारी घेऊन गेले.

देवीचा भर ओसरल्यावर काय झाले? अनेकांनी पुन्हा पिण्यास सुरुवात केली. पण सर्वांनी नव्हे. दक्षिण गुजरातच्या गावांतून दोन तट पडले. वर्ज्य पाळणारे ते ‘वरजेला’ आणि मोकळे झालेले ते ‘सरजेला’. दोघांत रोटी-बेटीही अवघड झाली. यावरून लोकांच्या शपथेतही किती ताकद असते आणि तिला मर्यादाही कोठे असते, या दोन्ही गोष्टी दिसतात. जे वरजेला राहिले त्यांच्यातूनच पुढे शाळा, आश्रम आणि शेतीसुधारणा यांकडे वळणारी पिढी निघाली.

मोरवडची आरती

पंधरा वर्षांनी हीच प्रेरणा आपल्या मुलखात अधिक घट्ट रूपाने प्रकटली. त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, तळोदे तालुक्यात मोरवड हे गाव आहे. तेथील भिल्ल समाजातील गुला महाराज यांनी १९३७-३८ च्या सुमारास लोकांना दारू सोडा, चोरी करू नका, अंग व घर स्वच्छ ठेवा, असा उपदेश सुरू केला. त्यांच्या आरतीस सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून हजारो माणसे पायी येत. १९३८ मध्येच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालविले. एवढी माणसे एकत्र येतात हे पाहून सरकार बिचकले आणि मेळाव्यांवर निर्बंध आले.

या चळवळीतील एक गोष्ट आम्हांला दारूबंदीपेक्षाही मोलाची वाटते. तिच्या अनुयायांनी एकमेकांना ‘आप’ म्हणावे असा दंडक होता, आणि त्यावरूनच हा पंथ ओळखला जाऊ लागला. ज्या माणसाला बाजारात, कचेरीत, शेतमालकाच्या अंगणात जन्मभर ‘अरे’ आणि ‘तू’ याशिवाय हाक ऐकू आली नाही, त्याने आपल्याच भावाला ‘आप’ म्हणावयाचे! शहरी सुधारकाने भिल्लाला दारू सोडण्यास सांगितले असते तर त्यात ‘तू वाईट आहेस’ हा भाव आला असता. गुला महाराजांच्या सांगण्यात ‘तू थोर आहेस, म्हणून हे तुला शोभत नाही’ हा भाव होता. व्यसन सोडण्यास मनाला आधार लागतो, आणि मानासारखा आधार दुसरा नाही.

शहाद्याच्या स्त्रिया

दरम्यान कायदाही आला. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी जाहीर झाली होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० मध्ये सर्व राज्यात बंदी लागू झाली. अमेरिकेचा अनुभव जसाच्या तसा येथे आला असे आम्ही म्हणणार नाही, पण काही खुणा ओळखीच्या आहेत. शहरातील संपन्न माणसाला प्रकृतीच्या कारणास्तव परमिट मिळे. पाड्यावरील मोहाच्या मडक्यावर मात्र धाड पडे. हातभट्टी वाढली आणि हप्ते वाढले. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने १९६० च्या दशकात ती सैल केली आणि १९७३ पासून देशी दारूच्या दुकानांना नियमाने परवाने दिले. कायद्याच्या नावात दारूबंदी राहिली. व्यवहारात परवाना आला.

याच सुमारास शहादे तालुक्यात मोठी हालचाल सुरू झाली. पाडळदे येथील अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, हे भजनाच्या वाटेने समाजकार्यात आले. १९७१ च्या पाटीलवाडीतील गोळीबारानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन आदिवासी एकत्र आले; १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या सरळ होत्या : गेलेली जमीन परत, सालदाराला योग्य मोबदला, मजुरीला किमान दर. अंबरसिंग महाराज १९७४ साली गेले, पण काम थांबले नाही.

या संघटनेत स्त्रिया पुढे आल्या त्या दारूच्या प्रश्नावर. १९७२-७३ च्या शिबिरांत त्यांनी आपली दुःखे बोलून दाखविली : मजुरीची लढाई आपण जिंकायची आणि वाढलेली मजुरी गुत्त्यात जायची, तर लढून काय उपयोग? मग त्या जथ्याने निघाल्या आणि गावोगाव दारूची मडकी फोडीत गेल्या. मारणाऱ्या नवऱ्यालाही त्यांनी चारचौघांत जाब विचारला. हिल्सबरोच्या स्त्रियांनी १८७३ मध्ये गुत्त्याच्या दारात गुडघे टेकले होते. शहाद्याच्या स्त्रियांनी बरोबर शंभर वर्षांनी गुत्त्यात शिरून मडके फोडले. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते. पण मजुरी घरापर्यंत का पोहोचत नाही, हा दोघींचा प्रश्न एकच होता.

ताळा

या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या म्हणजे काय दिसते?

पहिले असे, की दारूचा प्रश्न कधी एकटा नसतो. शिकागोत त्याच्यामागे कोंदट खोली आणि बारा तासांची पाळी होती. तळोदे-शहाद्यात त्याच्यामागे गेलेली जमीन आणि सालदारकीचे कर्ज होते. मागचे तसेच ठेवून पुढचे पुसू गेले, तर ते दुसऱ्या दाराने परत येते. शहाद्याच्या चळवळीने जमीन, मजुरी आणि दारू ही तिन्ही एकाच शिबिरात मांडली, यात तिची समज दिसते.

दुसरे असे, की सुधारणा कोण कोणाची करतो, यावर तिचे आयुष्य ठरते. तुच्छतेने केलेला कायदा तेरा वर्षांत मोडला. मानाने घेतलेली शपथही सर्वांनी पाळली नाही हे खरे. पण ती मोडणाऱ्याला आपण काय मोडले ते कळत होते.

तिसरे असे, की कायदा निरुपयोगी नाही. पण त्याची जागा लोकांच्या निश्चयाच्या मागे आहे, पुढे नाही. मद्यगृहविरोधी लीगच्या वाटेत जी उत्तम गोष्ट होती, गावाने मतदानाने आपला निर्णय घेण्याची, ती आज आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात गावातील परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’ की ‘उभी बाटली’ असे मतदान घेता येते आणि नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. येथे एक अडचण लक्षात ठेवावी : जो मतदानाला येत नाही त्याचे मत आपोआप दुकानाच्या बाजूने पडते. म्हणून अशा गावांत स्त्रियांना आधी घरोघर फिरावे लागते. अनुसूचित क्षेत्रांत तर १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीचे नियमन वा बंदी करण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत आणण्यास सांगितले आहे. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग या क्षेत्रात येतो. वरून आलेल्या सरसकट बंदीचे भवितव्य किती अनिश्चित असते हे आपण चंद्रपुरात पाहिले आहे. तेथे २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली.

आणि चौथे असे, की मोहाच्या झाडाला गुन्हेगार समजू नये. त्याच फुलांची भाकरी दुष्काळात लोकांनी खाल्ली आहे, त्याच्याच बियांच्या तेलावर चुली चालल्या आहेत. फुले साठविण्यावर आणि नेण्यावर दीर्घकाळ असलेले निर्बंध महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये दूर केले. फुले वेचणाऱ्या बाईला जर त्यांचा रास्त भाव मिळाला आणि त्यांपासून लाडू, मनुके, सरबत करण्याचा उद्योग तिच्या हाती राहिला, तर तिच्या घरात भट्टी लागण्याचे एक कारण कमी होईल. १८७८ पासून कायद्याने तिच्या हातून जे काढून घेतले त्याचा थोडासा भाग तरी परत मिळेल.

व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्या आम्हां गावकऱ्यांनी यातून काय घ्यावे? ‘ते लोक पितात’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्यापूर्वी आपल्या बाजारपेठेत त्यांच्या मालाला भाव काय मिळाला, मजुरी वेळेवर दिली की नाही, आणि त्यांना हाक कशी मारली, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. आडव्या बाटलीसाठी फिरणाऱ्या बाया आपल्या दारात येतील त्या दिवशी त्यांना बसावयास घोंगडी द्यावी, आणि बोलताना ‘आप’ म्हणावे.